नाव घ्यायचं नाही

चौथ्या इनिंगपासून मला लघवीला जायचं होतं आणि माझा नवरा लायल मला उठू देत नव्हता.

"जागा सोडलीस तर सगळं फिसकटेल," तो म्हणाला. "पाय आवळून बस."

नऊपैकी आठवी इनिंग संपली तरी समोरच्या संघाच्या एकालाही आमच्या मुलाच्या, ब्रेटच्या बॉलवर फटका मारून पहिल्या बेसवर पोचता आलं नव्हतं. असा सामना आमच्या गावाने कधी पाहिला नव्हता. फळ्यावरचं शून्य सगळ्यांना दिसत होतं, पण त्याबद्दल अवाक्षर काढायची कुणाची छाती नव्हती. नाव घेतलं की दृष्ट लागलीच. पुढच्या रांगेतला एक टकलू "आज बहुतेक..." एवढंच म्हणाला, तर शेजारच्या ग्लॅडिसबाईंनी त्याच्या पाठीत छत्रीच घातली.

खाली बाकावर ब्रेट एकटा बसला होता. बाकीचे खेळाडू वाळीत टाकल्यासारखे लांब. अशा दिवशी बॉल टाकणाऱ्या पिचरशी मॅनेजरसुद्धा बोलत नाही.

मला त्याचा उजवा हात दिसला. तो करंगळी चोळत होता. मागे कोपरातला अस्थिबंध फाटला तेव्हा आधी करंगळीच बधिर झाली होती. पुन्हा फाटला तर खेळ संपला, असं डॉक्टरने बजावलं होतं.

"लायल, त्याची करंगळी बघ."

"मला काही दिसत नाही."

"आंधळा आहेस का? त्याला बाहेर काढायला सांग कुणाला तरी!"

"अगं, तिघांना बाद करायचं राहिलंय फक्त. गप्प बस ना."

मी उठलेच. मागून ओरडा झाला. "ओ बाई, खाली बसा!" "अरे धरा रे तिला कुणीतरी!" खड्ड्यात जा सगळे, असं मनात म्हणत मी कठड्याशी गेले आणि हाक मारली. मॅनेजरने बहिऱ्याचं सोंग घेतलं. ब्रेटने मात्र वर पाहिलं. मी माझी करंगळी उभी करून दाखवली.

"माहीत आहे, आई," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? जागेवर जा. लोक घाबरलेत बघ."

मी परत आले. लायलने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

नवव्या इनिंगचा पहिला बॅटर उंच मारून झेलबाद झाला. दुसऱ्याला ब्रेटने तीन बॉलांत चकवून बाद केलं, पण प्रत्येक बॉल आधीच्यापेक्षा हळू येत होता. तिसऱ्याच्या बॅटची कड लागून बॉल सरपटत ब्रेटकडेच आला. उचलायचा आणि पहिल्या बेसकडे फेकायचा, दहा वर्षांचं पोरही करील.

ब्रेटने डाव्या हातातल्या ग्लव्हमध्ये बॉल उचलला आणि तो धावत सुटला. बॉल छातीशी धरून तो स्वतः पहिल्या बेसपर्यंत धावला आणि बॅटरच्या एक पाऊल आधी बेसवर पाय ठेवला. तिसराही बाद.

सगळं मैदान उसळलं. टोप्या उडाल्या, बिअर सांडली, खेळाडू ब्रेटवर तुटून पडले. ग्लॅडिसबाई हसत हसत रडत होत्या. "किती जपून खेळतो गं तुझा मुलगा! फेकायची जोखीमसुद्धा घेतली नाही!"

लायल एकटाच बसून होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तोही रडत होता.

"फेकताच आला नाही ना त्याला?" त्याने विचारलं.