ओल धरणारी पट्टी

दिपालीचं काम सांगायला सोपं आणि समजायला अवघड. सापगावात कुणी विचारलं की तिची आई हौसा सांगायची, "जगातल्या जखमा मोजते गो माजी पोरगी, कंपूटरवर." हे तसं खोटंही नव्हतं. ठाण्याच्या एका कंपनीसाठी दिपाली घरबसल्या पेटंटं चाळायची. जखमेवर लावायची नवी पट्टी, नवं मलम, नवं यंत्र कुणी शोधून काढलं की तो त्यावरचा आपला हक्क सरकारदरबारी नोंदवतो, ते पेटंट. देशोदेशीची अशी हजारो पेटंटं गोळा करायची, सालवार मांडायची आणि वारा कुठल्या दिशेला वाहतोय ते सांगायचं, एवढंच तिचं काम.

त्या हिवाळ्यात तिने त्यांचे ढीग पाडले होते. एका ढिगात जखम कोरडी करणारी पेटंटं, म्हणजे पावडरी आणि पाणी शोषणारे कापडाचे थर. दुसऱ्यात जखमेतली ओल धरून ठेवणारी, म्हणजे जेल, फोम, पातळ पापुद्रे. पेटंट जिवंत ठेवायचं तर मालकाला ठराविक काळाने फी भरावी लागते, आणि दिपालीचा सगळा भरवसा त्या फीवर. अर्ज काय, माणूस हौसेनेही करतो. फी मात्र विश्वास असेपर्यंतच भरतो. पहिल्या ढिगातल्या बऱ्याच मालकांनी एकामागून एक फी भरणं सोडलं होतं आणि दुसरा ढीग फुगत चालला होता.

एक जखम घरातही होती. भातकापणीनंतर खाचरातून चालताना तिच्या वडिलांच्या, धाऊंच्या पायात धसकट घुसलं, करंगळीच्या बुडाशी. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेला, त्यामुळे चप्पल रक्ताने चिकट झाली तेव्हा कुठे त्यांना कळलं. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी जखम साफ करून फोमची पट्टी लावली आणि बजावलं, "पट्टी पुढच्या खेपेला मी बदलेन. हे बिघडलं तर बोट जाईल, आणि तिथं थांबलं नाही तर पाय जाईल." दिपालीने पट्टी बघताक्षणी ओळखली. तिच्या दुसऱ्या ढिगातली होती. तिला इतकं हायसं वाटलं की तो पाय तिने नंतर जवळ जाऊन कधी पाहिलाच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका दुपारी तिचा साहेब हितेश व्हिडिओ कॉलवर होता. पडद्यावर तिचा आलेख, त्यात एक रेघ उतरणारी, एक चढणारी.

"या रेघा इथे एकमेकींना कापतात," हितेश म्हणाला. "लोकांचं मत का बदललं असेल? ग्राहक हेच विचारणार."

"सर, नवी कातडी ओलीत वाढते. जखम कोरडी पडली की वर खपली धरते, मग कातडीला खपलीखालून वाट काढावी लागते. आधी सगळ्यांना वाटायचं, कोरडी झाली म्हणजे बरी झाली."

बोलता बोलता तिची नजर खिडकीबाहेर गेली. अंगणात धाऊ खाटेवर बसले होते, उघडा पाय उन्हात पसरून. वर दोरीवर त्यांच्या बंडीशेजारी चिमटा लावून फोमची पट्टी वाळत घातली होती, साबणाने स्वच्छ धुतलेली.

"सर, आलेच," म्हणून ती उठली ती थेट अंगणात.

"बाबा, पट्टी कोणी काढली?"

"मीच काढतो की रोज," धाऊ कौतुकाने म्हणाले. "दुपारचं ऊन देतो, वरून कोरडी हळद. रातीला परत बांधतो. बघ, कशी टणक झालीय."

टणक झाली होती खरी. जखमेच्या कडा सुक्या चामड्यासारख्या वळल्या होत्या आणि करंगळी टोकापासून काळी पडली होती. दुखत नसल्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दिपाली आईवर कडाडली. "आये, तुला काय कळतं का नाय? धुवायची पट्टी हाय ती?"

"एवढी महागाची, मळकी कशी लावू?" हौसा भांबावली. "आनि माज्यावर कशाला वरडतेस? ते देतात, मी धुते."

रिक्षा करून तिघं शहापूरला गेली. डॉक्टरीणबाईंनी पाय उलटसुलट करून पाहिला, करंगळीला सुई टोचली. धाऊंना ती कळली नाही.

"सुकवायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

धाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "कोणी नाय, बाई. मलाच वाटलं."

"हे बोट नाही राहणार आता. पाय वाचवू आपण."

मोठ्या हॉस्पिटलात करंगळी काढली. हौसाने दोन दिवस अन्न गोड लागलं नाही म्हणून ताट सरकवलं, आणि लेकीशी ती कामापुरतंच बोलत होती.

घरी आल्यावर पट्टी बदलायचं काम दिपालीने स्वतःकडे घेतलं. डॉक्टरीणबाईंनी तिला ते नीट शिकवलं होतं. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा आत लाल, ओलसर मांस दिसलं. धाऊंनी तोंड वाकडं केलं. "वलीच हाय अजून."

"ओलीच पायजे, बाबा. जखम सुकवायची नसते, भरायची असते. खालून, कडेकडेनं."

धाऊ जरा विचारात पडले. "दाणा भरतो तशी?"

"तशीच."

"मंग खाचरात पानी पायजेच. दाणा भरायच्या टायमाला पानी तुटलं का सगळा फोल." त्यांना पटलं, आणि पटल्यावर ते थोडे चिडलेही. "हे असं बोलायचं ना कोणीतरी."

"मग सुकवायचं खूळ कोणी घातलं डोक्यात? आयेनं?"

"तिला नको बोलू. तिनं काय नाय केलं."

"मग कोणी?"

धाऊ हळूच म्हणाले, "तूच गो. रोज सांजचा लॅपटॉप मिटलास का आतून इचारायचीस, बाबा, सुकली का? मी ‘नाय अजून’ बोललो का तुजा आवाज पडायचा. म्हटलं, पोरीच्या जिवाला घोर नको, लवकर सुकवून टाकू."

दिपाली पट्टी हातात धरून तशीच बसली. सुकली का. घरात सगळे तसंच विचारतात, म्हणून तिनेही विचारलं होतं, आणि आपण कामात सांगतो त्याच्या उलटं बोलतोय असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"डॉक्टरांनी इचारलं तेव्हा का नाय बोललात?"

"त्यांच्याम्होरं तुजं नाव कशाला घेऊ? तुजं तर कामच हाय ह्ये."

तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. आवाज ऐकून हौसा आतून आली, दारातच थांबली. जखम उघडी होती, पट्टी अजून लावायची होती. धाऊंनी पाय थोडा पुढे सरकवून दिपालीच्या मांडीवर ठेवला.