बेचाळीस खडकांची नावं

बुधवारी सकाळी वासेमाथाने हाक मारली तेव्हा अपोरोसीला वाटलं, नेहमीसारखीच थट्टा असेल.

"ए कसावाखाऊ, इकडे ये. माझा स्क्रीन कोणी धुऊनपुसून ठेवलाय?"

सुवा शहरातल्या त्या सरकारी कचेरीत वासेमाथा कारकून होती आणि अपोरोसी कॉम्प्युटर सांभाळायचा. तिच्या आणि त्याच्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. अशा दोघांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नसतं. बोललं तर समोरच्याला राग येतो.

"तुमच्या गावात वीज कधी आली, तुला स्क्रीन कळायला?" असं म्हणत तो तिच्या खुर्चीशी आला. स्क्रीन कोरा होता.

"मामाची फाइल इथंच होती," ती म्हणाली. "तेवढी छापून घ्यायला आलेय. मामी घरी वाट बघतेय."

तिचे मामा एमोसी उपचारासाठी बेटावरून आले होते. मागच्या आठवड्यात चार दिवस ते याच टेबलाशी बसले आणि गावासमोरच्या समुद्रातल्या एकेका खडकाचं नाव सांगत गेले. कोणता कुठून कुठवर, तिथं मासे धरायचा हक्क कोणाचा. सगळं त्यांच्या एकट्याच्याच डोक्यात होतं. बेचाळीस नावं झाली. पुढच्या महिन्यात गावाच्या हक्काची सुनावणी होती, तिथं ती द्यायची होती. रविवारी पहाटे मामा गेले. माती येत्या शुक्रवारी होती.

कचेरीत प्रत्येकाचं खातं फिरतं होतं. कोणत्याही मशीनवर बसून नाव घातलं की सर्व्हरवरून आपलं सामान तिथं येई आणि लॉग आउट केलं की परत जाई. पण खाती इतकी फुगली होती की आत शिरायला वीस वीस मिनिटं लागत. म्हणून लोकांनी लॉग आउट करणंच सोडलं. संध्याकाळी मशीनला नुसतं कुलूप लावायचं आणि घरी जायचं. आणि खातं आलंच नाही, तर मशीन एक कोरं, तात्पुरतं खातं देई. त्यात काम करता येतं, पण बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं. कोपऱ्यात तशी सूचना येते. ती कोणी वाचत नाही.

मंगळवारी अपोरोसीने सगळ्यांना कळवलं होतं, चारच्या आत लॉग आउट करा, सर्व्हर साफ करायचाय. त्याआधी त्याने नोंद पाहिली होती. तीन मशीनं तात्पुरत्या खात्यावर होती. उठून तीन टेबलं बघायची, एवढंच काम होतं. तो उठला नाही. त्यांतलंच एक वासेमाथाचं; ती मयताच्या घरी होती, तिचं मशीन गेल्या शुक्रवारपासून कुलपात. चार वाजता त्याने जागेवरूनच तिचं खातं बंद केलं.

दुपारपर्यंत त्याने तिची डिस्क खरवडून काढली. दोन नावं हाती आली, पुढे नुसती वेडीवाकडी चिन्हं. सर्व्हरवर शोधण्यात अर्थ नव्हता. फाइल तिथवर कधी गेलीच नव्हती.

"डिस्क गेली म्हण," कचेरीचे प्रमुख इलियेसासाहेब म्हणाले. "ती मशीनं माझ्या टकलाइतकी जुनी आहेत. कोण विचारतंय?"

"मी बंद केलं, साहेब."

"पण तुला कोणी विचारलंय का?"

तो वासेमाथाकडे गेला. "तुझी फाइल मी पुसली."

ती हसली. "तुम्हा लोकांना होडी धड बांधता येत नाही, फाइल कसली पुसताय! आण लवकर."

"खरंच सांगतोय."

"खरं आणि तू?" तिने हातातला पुठ्ठा त्याच्या पाठीत हाणला.

त्याने तिसऱ्यांदा सांगितलं नाही. बाजारात गेला, क्षमा मागताना पुढे ठेवतात ती यंगोनाच्या मुळांची जुडी घेतली, आणि परत येऊन दाराशी चपला काढल्या. तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला, जुडी पुढे ठेवली आणि मान खाली घालून क्षमा मागितली. गावात मागतात तशी, पूर्ण. आजूबाजूची टकटक थांबली.

"ऊठ. नाटक पुरे," ती म्हणाली. तो उठला नाही, तेव्हा तिचं हसू गेलं.

"सगळी?"

"दोन सापडली."

"कोणती?"

"थाकाउलेवू आणि वातुलोआ."

"ती तर शेंबड्या पोरालाही माहीत आहेत."

तिने जुडीकडे बघितलं. हात लावला नाही.

"ही मी कशी घेऊ? माझं काय गेलंय? मामीकडे ने."

"आत्ता?"

"आत्ताच. सगळं गाव बसलंय तिथं. तुझ्या तोंडाने सांग. मी मध्ये पडणार नाही." तिने पर्स उचलली आणि चालू लागली. तो जुडी काखेत धरून मागोमाग जिना उतरला.

बसथांब्यावर ती म्हणाली, "मामीला फाइल म्हणजे काय ते कळत नाही. काय सांगशील?"

त्याने विचार केला. "मामांनी सांगून ठेवलेलं मी घालवलं, असं सांगेन."

"एवढंच सांग," ती म्हणाली आणि बसला हात केला.