तिसऱ्या टाकीचा वास

बियरच्या त्या छोट्या कारखान्यात मास्तरांच्या नाकाचा मोठा दरारा. मास्तरांनी पेला नाकाशी धरायचा, जरा डोळे मिटायचे आणि "भरा" म्हणायचं, की बाटल्या भरायला लागायच्या. आता खरं सांगायचं तर गेल्या वर्षीच्या तापापासून त्या नाकाला ओ की ठो कळत नव्हतं. पण हे सांगणार कोण? मास्तर? छे! जीव गेला तरी नाही.

त्यांनी युक्ती काढली होती. टाक्या धुण्याचं काम वहिनींकडे, म्हणजे त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोकडे. नमुन्याचा पेलाही त्याच आणून द्यायच्या. मास्तर डोळे मिटल्यासारखं करून त्यांच्याकडेच बघायचे. वहिनींनी नाक मुरडलं की म्हणायचे, "थांबा, गडबड आहे." नाही मुरडलं, तर "भरा." वर्षभरात एकदाही चूक नाही. मास्तर मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचे.

मग वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि मास्तरांची पाचावर धारण बसली.

तिसरी टाकी तयार झाली तेव्हा पेला फिटरने आणला. फिटरचा चेहरा पगाराच्या दिवशीसुद्धा हलत नाही, तो आज काय हलणार? मास्तरांनी पेला हुंगला, फिटरकडे बघितलं, पुन्हा हुंगला. "उद्या भरा," म्हणाले एकदाचे. 

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पिशवीसकट थेट कारखान्यात आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगंबाई! हा लवंगेचा वास कसला? लवंग आणि दवाखाना!"

त्यांनी तिसऱ्या टाकीच्या नळाचं पुढचं तोंड खोललं, आतली रबराची रिंग काढली. रिंगेला करडा बुळबुळीत थर.

"ही काढून कुणी धुतलीच नाही वाटतं. रानटी यीस्ट शिरलंय. हे बाटलीत गेलं तरी साखर खातच राहतं, गॅस करतं. उद्या कुणाच्या हातात बाटली फुटली म्हणजे?"

"पण मास्तरांनी काल वास घेतला होता की," फिटर म्हणाला.

सगळे मास्तरांकडे बघायला लागले.

"काल वास नसेल," वहिनी घाईने म्हणाल्या. "एका रात्रीत येतो कधी कधी."

असं काही होत नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. सुटायला दार उघडं होतं. पण हातात फुटलेली बाटली काही डोळ्यांपुढून हलेना.

"कालही असणार," ते म्हणाले. "मला वासच येत नाही. वर्ष झालं."

फिटरचा चेहरा पहिल्यांदाच हलला. वहिनींचा मात्र नाही.

"माहितेय, भाऊजी. दूध करपून घरभर वास सुटला होता आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात."

"म्हणजे वर्षभर तुम्ही..."

"मुद्दाम मुरडत होते. तुम्हाला नीट दिसावं म्हणून उजेडात उभी राहून."

मास्तरांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं. त्यांनी पेला भरून वहिनींच्या हातात दिला आणि सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"आता तोंडाने सांगते की," वहिनी म्हणाल्या. "सोडा गटारात. सगळी."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या आणि रिंगा धुवायला बसले.