हरवलेल्या आत्याचा फोटो

मी एक जुना माउस आहे, आणि या रस्त्यावर जेवढं म्हणून सौंदर्य आहे ते सगळं माझ्या हातचं आहे. फक्त ते फोटोत असतं. माणसं दुकानात जशी येतात तशीच घरी जातात.

मित्रांनो, कारखान्यातून मी थेट या फोटो स्टुडिओत आलो. सुरुवातीला फोटोवाला मला रोज मऊ फडक्यानं पुसायचा. आता माझं डावं बटण अडकतं, वायरला चिकटपट्टी आहे, आणि अंगावरचे चहाचे डाग पुसायला कुणाला वेळ नाही. दुसऱ्यांचे डाग मात्र मी दिवसभर पुसतो. फोटोवाल्यानं एका जाहिरातीतल्या बाईचं नाक जपून ठेवलंय. मागेल त्याला लावतो, न मागेल त्यालाही. वायरमनच्या आईला आणि बायकोला आता एकच नाक आहे. दोघींचं तेवढ्यावरच एकमत आहे.

एकदा एक भाची रडत आली. तिच्या आत्याला हल्ली काही आठवत नसे. घरातून बाहेर पडली ती परतलीच नव्हती. हरवल्याची पत्रकं लावायची होती. फोटो देताना भाची हळूच म्हणाली, "जरा बरी दिसू दे हं. चौकाचौकात लागणार आहे."

फोटोवाल्यानं मला धरलं. हनुवटीवरचा मोठा तीळ गेला, सुरकुत्या गेल्या, पडलेले दात आले, केस काळे झाले. शेवटी ते नाक बसवलं.

पत्रकं लागली. फोन भरपूर आले. कुणीतरी बँकेतल्या मॅडमना बसस्टॉपवर धरून ठेवलं. एका विधुर काकांनी, सापडल्या की आधी मला कळवा, असं सांगितलं. आत्या काही सापडेना.

मग एका दुपारी एक म्हातारी पाणी मागायला दुकानात आली. हनुवटीवरचा तीळ मी लगेच ओळखला. पण मला तोंड नाही. तिनं भिंतीवरचं पत्रक बघितलं.

"कुणाची पोर रे ही?"

"पोर नाही आजी, कुणाची तरी आत्या आहे. हरवलीय."

"अगं बाई. घरचे वाट बघत असतील."

फोटोवाल्यानं तिला पाणी दिलं, हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. माणूस मनाचा चांगला आहे. ती गेली.

मित्रांनो, कुणाच्या तोंडावरचं काही पुसण्याआधी एवढंच बघा, की उद्या त्याला शोधायचं कशावरून. मी सांगून काय होणार म्हणा.

काल भाची पुन्हा आली. फोटो उठावदार नाही, म्हणून लोकांना ओळखू येत नसेल, असं फोटोवाल्याला वाटलं. आम्ही तो आणखी उजळ केला. नव्या पत्रकात आत्या भाचीपेक्षा लहान दिसते.