राखीव जमिनीतली घोडी

बालझानताईला घर सोडायला सांगायचं काम माझ्यावरच आलं. मी तिचा धाकटा भाऊ आणि नव्या अभयारण्याचा रक्षकही. सेमेई शहरापलीकडच्या ज्या माळावर पूर्वी अणुबॉम्ब फोडायचे, तो माळ आता सायगा हरणांसाठी राखून ठेवला होता. ताईचं घर हद्दीच्या आत आलं.

"बॉम्ब फुटत होते, भिंतींना तडे जात होते, तेव्हा कुणी नाही आलं उठवायला," ती म्हणाली. "आता हरणं आली तर मी जायचं होय?"

"हरणांसाठी नाही गं, ताई. मातीत अजून विष आहे."

"मग त्यांना नाही बाधत ते?"

"बाधतही असेल. त्यांना कोण विचारतंय?"

"मला तरी कुठं कुणी विचारलं? बरा शिपाई झालास रे हरणांचा!"

घरामागे तिच्या लेकीची, शोल्पानची कबर होती. पोर एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. वर्षातून दोनदा कबरीवर येता येईल, असं मी वरिष्ठांकडून लिहून आणलं, तेव्हा कुठे ताई गाडीत बसली. तिची आणि तिच्या घोड्यांची सोय पन्नास किलोमीटरवरच्या गावात चुलतभावाकडे केली.

एक तांबडी घोडी मात्र परत आली. तिचा जन्म तिथलाच, त्याच गवतावर वाढलेली. दोनदा मी तिला गुपचूप हद्दीबाहेर हाकललं. आत सापडलेलं जनावर मारून तिथंच पुरायचं, त्याचं मांस बाजारात जाता कामा नये, असा नियम होता. तिसऱ्यांदा ती दिसली तेव्हा माझ्यासोबत दुसरा रक्षक होता आणि तो वहीत नोंद करत होता. बंदूक माझ्या हातात होती. "मी मारू का?" त्याने हळूच विचारलं. "नको, मीच मारतो," मी म्हणालो. ओळखीच्या माणसाकडे यावं तशी ती माझ्याकडे चालत आली.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. तिने चहा ओतला, दूध घातलं, वाटी माझ्यापुढे सरकवली.

"तिच्या पोटात शिंगरू होतं. ठाऊक होतं तुला?"

"दिसत होतं, ताई."

"चहा घे. निवतोय."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

मे महिन्यात सायगा व्यायल्या. ताईच्या पडक्या घराभोवती गवतात शेकडो पिल्लं अंग चोरून पडून होती. पाहुणे आले, फोटो काढले, माझी पाठ थोपटली. कबरीवर यायचा दिवस ठरलेला होता. मी फाटकाशी गाडी घेऊन संध्याकाळपर्यंत थांबलो. ताई आली नाही. शेवटी मी एकटाच गेलो, शोल्पानच्या कबरीवरचं गवत उपटलं, प्रार्थना म्हटली आणि हात धुऊन रात्रीच्या गस्तीला गेलो.