एका नावाचे दोन पत्ते

थोरलीच्या घरात काही म्हणजे काही टाकायचं नाही, असा कायदा होता. शिंप्यांकडच्या चिंध्या गोळा करून मागावर पायपुसणी विणणारं घर ते. टाकाऊला नाक मुरडलं असतं तर चूल पेटली नसती. वर्षापूर्वी कारखाना मागच्या गल्लीतून इथल्या दोन मोठ्या खोल्यांत आणला, तरी तिकडच्या बंद दारावरची पत्र्याची पाटी तिनं काढू दिली नव्हती. चुकून एखादं गिऱ्हाईक तिकडे गेलं तर, म्हणे. अर्धे पार्सलवाले तिकडेच जात आणि कुलूप बघून माघारी फिरत. थोरली म्हणायची, त्यांच्या डोक्यात भुसा भरलाय, त्याला माझी पाटी काय करणार.

त्या सकाळी मात्र घरात लगीनघाई होती. एका मोठ्या हॉटेलाची खरेदीवाली बाई बरोबर अकरा वाजता आपल्या साहेबांना यांचं नवं ऑनलाइन दुकान उघडून दाखवणार होती. साहेबांना पटलं तर दर खोलीच्या दारात एक, अशी चारशे पायपुसणी, आणि दर वर्षी पुन्हा. म्हणजे कोपऱ्यात चादर पांघरून बसलेला तिसरा माग चालू. त्याचा एक पाय आखूड होता, पण ते पुढचं पुढे.

दुकान थोरलीच्या धाकट्या सुनेनं उभं केलं होतं. आधी दुकानाच्या नावावर इंटरनेटवर नुसतं फोटोंचं एक पान होतं; आता बसल्या जागी माल घ्या. थोरलीनं आठवडाभर सगळ्या गल्लीचे कान किटवले होते.

दहा वाजून वीस मिनिटांनी विहीणबाईंचा, सुनेच्या आईचा, फोन आला. आवाजात साखर घोळलेली. दुकान उघडायला गेले तर लाल पान आलं, त्यावर लिहिलंय की ही जागा सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाईल. असं कधीपासून चाललंय तुमच्याकडे? तुमचा फोन म्हातारा झालाय, असं सांगून थोरलीनं फोन ठेवला. पण लगेच सुनेला हाक मारली.

सुनेच्या फोनवर दुकान झकास उघडलं. मुलाच्या फोनवर लाल पान. मागावरच्या दोघींनी हातातलं काम टाकून आपापले फोन काढले, तर एकीला दुकान, दुसरीला लाल पान. घोडं पेंड खातंय कुठे, कुणालाच कळेना. दुकान खरंच आपलं आहे असा दाखला लागतो, त्याला सर्टिफिकेट म्हणतात, आणि ते परवाच मिळालंय, असं सून पुन्हा पुन्हा सांगत होती.

तिनं दुकान चालवणाऱ्या कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडची बाई कामाची निघाली. दोन मिनिटांत म्हणाली, "ताई, तुमच्या नावापुढे दोन पत्ते लिहिलेत. एक आमचा, एक तुमचं आधीचं पान होतं त्या जुन्या जागेचा. कुणाचा फोन इकडे येतो, कुणाचा तिकडे. तिकडे तुमच्या नावाचा दाखलाच नाही, म्हणून लाल पान. जुना पत्ता पुसला का नाहीत?"

सून खाली मान घालून म्हणाली, "माझंच चुकलं."

थोरलीच्या डोळ्यांपुढे मागच्या गल्लीतलं कुलूप उभं राहिलं, आणि त्यापुढे पार्सल घेऊन घाम पुसणारा माणूस. मुलाचा फोनही तसाच जुन्या पत्त्यावर गेला होता, आणि तिनंच धाडला होता.

"तिचं नाही चुकलं," ती फोनकडे तोंड करून म्हणाली. "पुसू का म्हणून तिनं विचारलं होतं. असू दे, लागेल, असं मीच म्हटलं. आता पुस बाई, अकराच्या आत पुस."

सुनेनं वर पाहिलं. सासूबाईंनी चूक कबूल केल्याचं या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मग तिचं बोट थांबलं नाही.

मदतीवाली म्हणाली, जुना पत्ता सगळीकडून विसरला जायला दहाएक मिनिटं लागतील. जन्मभर धीर धरलेल्या थोरलीला त्या दहा मिनिटांचा धीर धरवेना. पावणेअकराला मुलाच्या फोनवर लालच. दहा पन्नासला लालच. त्रेपन्नला मुलगा ओरडलाच, उघडलं. मागावरच्या दुसरीचंही उघडलं. सगळे एकमेकांच्या फोनांत डोकी घालू लागले.

पण थोरलीला खात्री हवी होती, आणि खात्री एकाच ठिकाणी मिळणार होती. तिनं मान ताठ ठेवून विहीणबाईंना फोन लावला.

"बघा बरं आता."

पलीकडे बराच वेळ चष्म्याची शोधाशोध. मग उत्तर आलं, "उघडलं. वर सुरक्षित असल्याचं छोटं कुलूपसुद्धा आलंय. ते निळं पायपुसणं दोन घेते मी."

"एकच घ्या," थोरली म्हणाली. "आज घाऊक गिऱ्हाईक आहे आमच्याकडे."

अकरा वाजून वीस मिनिटांनी हॉटेलवालीचा फोन आला. साहेबांना माल आवडला होता, चारशे पक्की. सून हसत सुटली. थोरलीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला, आणि मुलाला मागच्या गल्लीत पिटाळलं, पाटी उपटून आण म्हणून.

तो पाटी घेऊन आला आणि भंगारात देऊ का म्हणाला. थोरलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं जीभच चावली. मग तिनं तिसऱ्या मागावरची चादर ओढली, पाटीची चौघडी करून घेतली, आणि आखूड पायाखाली सरकवली. माग हलवून पाहिला. तसूभरही डुगडुगला नाही.

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "लागेल."