घेराचं गणित

गणिताचा आणि माझा शाळेपासून छत्तीसचा आकडा. त्याच्या कचाट्यातून सुटायला मी मावशीकडे शिवणकाम शिकायला गेले. पहिला गोल घेराचा स्कर्ट धाकट्या बहिणीसाठी बेतला. तिची कंबर चोवीस इंच, म्हणून कापडाच्या मधोमध चोवीस इंच रुंद गोल कापला. त्यात धाकटी, मी आणि मावशी, तिघी एकदम मावलो.

"कंबर म्हणजे गोलाचा घेर. रुंदी साधारण त्याचा तिसरा हिस्सा," मावशी आतूनच म्हणाली.

शाळेत घोकून घोकून विसरलेलं ते सूत्र. नव्या कापडात आठ इंचांहून जरा लहान गोल कापला. स्कर्ट कमरेवर नेमका बसला आणि धाकटी गिरक्या घेत सुटली.

"बाहीच्या गोलाईचंही सूत्र असेल ना?" मी विचारलं.

मावशीने मशीन थांबवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.